‘स्वखुशीने’ असं लिहिलंय, सही करू का?

गठ्ठेवाला | २ सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे. नाव लिहीत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये लागलो, म्हणजे गेल्या महिन्यात १६ वर्षं झाली. कागदावर कंत्राटी लिपिक, प्रत्यक्षात पडेल ते काम. केंद्रांवरून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात ते मोजून घ्यायचे, बैठक क्रमांकाचा भाग झाकून कोड टाकायचा, तपासून आले की गुण चढवायचे. मग निकाल, मग ‘माझे दोन मार्क कुठे गेले’ म्हणून रडत येणारी पोरं, मग पुनर्मूल्यांकन. उन्हाळी संपली की हिवाळी. आमच्या कक्षात कायम झालेले तीन जण आहेत, तिघेही माझ्याच टेबलाशी बसून काम शिकले. तक्रार नाही, चांगली पोरं आहेत.

लागलो तेव्हा पेपरात जाहिरात होती, टायपिंगची चाचणी झाली, मुलाखत झाली. पहिली दोन वर्षं रोजंदारी. जुलै २०११ पासून सहा-सहा महिन्यांचे आदेश. ३० जूनला सेवा समाप्त, १ जुलैला घरी, २ जुलैला नव्या आदेशाने हजर. तसंच ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी. मधल्या त्या एका दिवसाला ऑफिसच्या भाषेत ‘तांत्रिक खंड’ म्हणतात, आम्ही ‘श्राद्ध’ म्हणतो. गंमत अशी की १ जुलैला निकालांची घाई ऐन भरात असते. त्यामुळे श्राद्धाच्या दिवशीही आम्ही येतोच, फक्त मस्टरवर सही करत नाही. आजवर २९ आदेश झाले. सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेत, बायको म्हणते रेशनकार्डापेक्षा जास्त जपतोस.

मानधन सध्या १६,५००. एप्रिल २०१७ पासून पीएफ कापतात. त्याआधीची जवळपास आठ वर्षं काहीच नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात परिपत्रक आलं. १ ऑक्टोबरपासून आम्ही ३४ जण एका बाह्य एजन्सीमार्फत काम करणार. टेबल तेच, साहेब तेच, पगार एजन्सी देणार. १५ सप्टेंबरच्या आत एक छापील कागद सही करून द्यायचा आहे. त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो:

“मी स्वखुशीने लिहून देतो/देते की, सदर एजन्सीमार्फत काम करण्यास माझी संमती असून मागील सेवेबाबत विद्यापीठाकडे कोणताही हक्क, दावा अथवा मागणी करणार नाही.”

साहेबांनी प्रेमाने सांगितलं, ‘अरे, फॉर्मॅलिटी आहे, कर सही, नाहीतर एक तारखेला गेटवर अडवतील.’

मी ४७ वर्षांचा. मुलगी बारावीला. सही केली तर १६ वर्षं पुसली जातात का? नाही केली तर काय होईल? आणि पेन्शन नावाची गोष्ट माझ्या नशिबात कुठल्या रस्त्याने येऊ शकते का? मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’चा संप झाला तेव्हा कायमवाले बाहेर घोषणा देत होते आणि आम्ही आत कपाटांच्या किल्ल्या सांभाळत होतो. घोषणा पाठ झाली, पेन्शनचं काही कळलं नाही.

---

निवृत्त_बाबू | ३ सप्टेंबर, सकाळी ६:४५

गठ्ठेवाले, मी दुसऱ्या एका विद्यापीठातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आस्थापना विभागात २० वर्षं काढली. तुम्ही दिलेलं वाक्य वाचून जुना मित्र भेटल्यासारखं झालं, कारण असले मसुदे मी स्वतः तयार करून दिलेले आहेत. ‘स्वखुशीने’ हा शब्द उगाच पडत नाही. उद्या माणूस कोर्टात गेला की हाच कागद पहिला निघतो: बघा, हा आपणहून गेला, आम्ही कुठे काढला?

म्हणून सही करू नका. पण नुसतं गप्पही बसू नका. गप्प बसलेल्याचा अर्थ ऑफिस आपल्या सोयीने लावतं. १५ तारखेच्या आत कुलसचिवांच्या नावे साधं एक पानी पत्र द्या. मी अमुक तारखेपासून सलग काम करतो, काम कायम स्वरूपाचं आहे, एजन्सीकडे जाण्यास माझी संमती नाही, मी आहे त्याच आदेशावर काम करायला तयार आहे, माझे सर्व हक्क राखून ठेवतो. बस. शिव्या नकोत, भावना नकोत, मुलीची बारावी नको. दोन प्रती न्या, एकीवर आवक कक्षाचा शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का मिळाला नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह.

आता हे असं का होतं तेही सांगतो, म्हणजे साहेबावर डोकं आपटणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ८. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यापीठाला एकही नवं पद निर्माण करता येत नाही. मंजूर आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, जुना, त्यातली पदं निवृत्तीने रिकामी होत जातात, भरायला मान्यता येत नाही. इकडे महाविद्यालयं आणि परीक्षा वाढतच राहिल्या. मग विद्यापीठ निधीतून माणसं घ्यायची, सहा महिन्यांची. मी स्वतः टिपणीत लिहायचो, ‘कामाची निकड लक्षात घेता तात्पुरत्या स्वरूपात’. ही निकड मी निवृत्त होईपर्यंत संपली नाही.

पेन्शनबद्दल कडू बोलतो. जुनी पेन्शन तुमची नव्हेच. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर जो सेवेत लागला त्याला ती नाही, तो कायम असला तरी. तुम्ही २००९ चे. उद्या तुम्हाला कायम केलं तरी एनपीएस मिळेल, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवलेला पैसा आणि त्यावर निघेल ती रक्कम. तेव्हा त्या घोषणेपायी मनाला त्रास करून घेऊ नका. तुमच्याकडे २००५ च्या आधीपासून रोजंदारीवर असलेलं कोणी असेल तर त्याची गोष्ट वेगळी, त्याने जरूर वकील गाठावा. २०१९ च्या प्रेम सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने कार्यव्ययी, म्हणजे ठरावीक कामाच्या खर्चातून नेमलेल्या, कामगारांची कायम होण्याआधीची सेवा पेन्शनसाठी धरायला लावली आहे.

---

वऱ्हाडातली_मी | ३ सप्टेंबर, दुपारी १:१०

भाऊ, मी सही करून बसली आणि आता पस्तावून राहिली, म्हणून लिहिते.

आमच्या इकडे २०२२ मध्ये हेच झालं. ग्रंथालयात होती मी, १२ वर्षं. सगळ्यांनी केली म्हणून मीही केली. तीन वर्षांत तीन एजन्स्या बदलल्या. टेंडर बदललं की नवीन फॉर्म, नवीन बँकेचं खातं, नवीन ओळखपत्र. ओळखपत्रावर विद्यापीठाचं नावच नाही. पोट्टे विचारतात, मॅडम तुम्ही सिक्युरिटीवाल्या का? पगार आधी ५ तारखेच्या आत व्हायचा, आता २० तारीख कुठं गेली नाही. विद्यापीठाला विचारा तर ‘बिल काढलं’, एजन्सीला विचारा तर ‘बिल आलं नाही’. दुसऱ्या एजन्सीनं चार महिने पीएफ कापला आणि भरलाच नाही.

पण सगळ्यात वाईट काय झालं सांगू? आमच्यातली एक जण नव्या साहेबासमोर रजेवरून जरा जोरात बोलली. आधी असतं तर मेमो आला असता, खुलासा मागितला असता. आता साहेबानं एजन्सीला एक फोन केला, ‘ह्यांना बदलून द्या’. बस. बल्ब बदलावा तसं. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर दुसरी पोरगी. तिचा डबा तीन दिवस कपाटातच होता, शेवटी मी नेऊन दिला.

---

स्पर्धापरीक्षा_२१ | ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

राग येईल, पण बोलतो. मी चार वर्षं अभ्यास करतोय. सरळसेवेच्या जागा निघत नाहीत, कारण त्या जागांवर तुमच्यासारखे आधीच बसलेत. १६ वर्षं झाली म्हणून कायम करा, मग आम्ही परीक्षा कशाला द्यायची? मागच्या दाराने आत आणि पुढच्या दाराला कुलूप.

---

गठ्ठेवाला | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

@स्पर्धापरीक्षा, राग नाही आला. माझा पुतण्या अगदी हेच बोलतो, तेही माझ्याच घरी जेवताना. फक्त एवढंच सांगतो, मी दारानेच आलो होतो. जाहिरात होती, ६० जण चाचणीला होते, ९ घेतले. दार पुढचं की मागचं हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि मी उठलो तर ती जागा तुला मिळणार नाहीये, एजन्सीला मिळणार आहे.

@निवृत्त_बाबू काका, तुमचं पत्र उतरवून घेतलं. मुलीची बारावी खोडली.

ताई, डब्याचं वाचून पोटात गोळा आला.

---

कोर्टाच्या_पायरीवर | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:५०

मी औद्योगिक न्यायालयात कामगारांच्या बाजूने वकिली करतो. हा सल्ला ढोबळ समजा, कागद बघितल्याशिवाय खात्रीचं कोणीच बोलू नये.

आधी एक गोष्ट जी कोणाच्याच नजरेत आली नाही. तुमचा २९ वा आदेश २ जुलैचा, म्हणजे तो ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आहे ना? मग १ ऑक्टोबरला एजन्सी मध्ये कशी येते? स्वतःच दिलेला आदेश तीन महिने आधी मोडताहेत, आणि तो मोडायला त्यांना तुमचीच सही हवी आहे. घाई कसली ते कळलं का?

स्पर्धापरीक्षा म्हणतात त्यात तथ्य आहे, न्यायालयानेही ते म्हटलंय. १० एप्रिल २००६, उमादेवी खटला, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ: सार्वजनिक नोकरीत संधी सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे, नुसती वर्षं भरली म्हणून कोणी कायम होत नाही. पण त्याच निकालात एक भेद आहे. नेमणूक ‘बेकायदा’ वेगळी आणि ‘अनियमित’ वेगळी. मंजूर पद होतं, माणूस पात्र होता, फक्त प्रक्रियेत उणीव राहिली, तर ती अनियमित. अशांपैकी ज्यांची तेव्हा न्यायालयाच्या स्थगितीच्या आधाराशिवाय १० वर्षं झाली होती, त्यांना एकदाच नियमित करा असं त्यात सांगितलं होतं. तुम्ही २००९ चे असल्याने त्या एकवेळच्या सवलतीत थेट बसत नाही. पण जाहिरात, चाचणी, मुलाखत याला प्रचंड किंमत आहे. त्या जाहिरातीचं कात्रण आहे का? नसेल तर जिल्ह्याच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे जुने बांधीव अंक चाळा. नुसतं ‘पेपरात आली होती’ म्हणून चालत नाही.

पुढची अनेक वर्षं उमादेवी हे एकच नाव घेऊन सरकारी वकील कंत्राटींना दारातून परत पाठवायचे. अलीकडे वारं थोडं फिरलंय. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि माळीकाम करणाऱ्यांना न्यायालयाने नियमित करायला लावलं. त्यांनाही काढून तेच काम बाहेर दिलं होतं. न्यायालय म्हणालं, काम बाहेर द्यावं लागलं यावरूनच दिसतं की काम कायमचं होतं. आणि अगदी परवा, १९ ऑगस्ट २०२५ ला धरम सिंग निकाल आला. त्यातले लोक उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगातले रोजंदार, तीस-तीस वर्षांचे. पैसे नाहीत, पदं नाहीत ही कारणं तिथे चालली नाहीत, गरज पडल्यास अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वरची, पदं निर्माण करा असा आदेश झाला. हे निकाल आपापल्या वस्तुस्थितीवर आहेत, तुमच्या खिशात आयते पडणार नाहीत. पण दाखवायला हातात काहीतरी आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाकडे आणखी एक हत्यार आहे, इतर राज्यांत ते सहसा नाही. १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा, आमच्या तोंडी नुसता ‘पल्प’. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली बाब ६: कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षं बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी), नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा. एस.टी. महामंडळाच्या कास्ट्राईब खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार जात नाही. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. तुम्ही १ ऑक्टोबरच्या आत आलात तर ‘जैसे थे’चा अंतरिम आदेश मागता येतो. एक तारखेला गेटवर अडवल्यावर आलात तर तोच आदेश मिळवायला दसपट जड जातं. ३४ पैकी जितके तयार असतील तितके एकत्र या, खर्चही वाटला जातो.

आणि ते तुमचं श्राद्ध. खंडाच्या दिवशी तुम्ही संगणकावर लॉगिन केलं असेल, गुण चढवले असतील, ईमेल पाठवला असेल, त्याची नोंद कुठेतरी आहे. ती शोधा. त्या एका दिवसावर त्यांची सगळी इमारत उभी आहे.

---

तासिकावाला | ४ सप्टेंबर, रात्री ८:१५

वकीलसाहेब, आम्ही तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. मी ११ वर्षं शिकवतोय. आम्हालाही हा पल्प चालतो का?

---

कोर्टाच्या_पायरीवर | ४ सप्टेंबर, रात्री ८:४०

दुर्दैवाने नाही. विद्यापीठ हा ‘उद्योग’ आहे हे १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालाने ठरलं, म्हणून लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा सहायक आत येतात. पण शिक्षक हा ‘कामगार’ नाही, असं १९८८ मध्ये सुंदरंबाळ खटल्यात ठरलं. प्रकरण गोव्याच्या एका शाळाशिक्षिकेचं होतं. तुमचा रस्ता उच्च न्यायालयातली रिट याचिका. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गठ्ठेवाल्यांचं राहून जाईल.

---

पासबुक_बघा | ५ सप्टेंबर, सकाळी १०:२५

सगळे कोर्टाचं बोलताहेत, मी पैशांचं बोलतो. पीएफचं काम करण्यातच माझी नोकरी गेली.

गठ्ठेवाले, तुमच्या नशिबात पेन्शन आहे. लहान आहे, पण आहे, आणि तिच्यासाठी कोणाला कायम करायची गरज नाही. ईपीएस-९५, पीएफसोबतच चालणारी पेन्शन योजना. तुमचा पीएफ १५,००० पगार धरून कापत असतील तर तुमच्याकडून १,८०० आणि मालकाकडून १,८००. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन खात्यात जातात. पासबुकात शेवटचा रकाना बघा. १० वर्षं भरली की ५८ व्या वर्षी महिन्याची पेन्शन सुरू. हिशेब सोपा: पगाराची सरासरी गुणिले वर्षं, भागिले ७०. सरासरी शेवटच्या ६० महिन्यांची, आणि १५,००० च्या वर धरत नाहीत.

एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२५ म्हणजे साडेआठ वर्षं. तुम्ही ५८ पर्यंत चालत राहिलात तर साधारण २० वर्षं होतील, आणि २० भरली की २ वर्षं वरून धरतात. १५,००० गुणिले २२ भागिले ७०, म्हणजे ४,७०० च्या आसपास. हसू नका. कितीतरी लोक ८-९ वर्षांवर नोकरी बदलताना ‘चला, लग्नाला पैसे होतील’ म्हणून फॉर्म १०सी भरून पेन्शनचा पैसा काढून मोकळे होतात आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात.

म्हणून एजन्सी आली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. ‘जुना पीएफ काढून घ्या, नव्याने सुरू करू’ असं कोणी म्हणालं तर दोन्ही हात खिशात घालून उभे राहा.

वऱ्हाडातल्या ताई, तुमचे चार महिने बुडालेले नाहीत. कंत्राटदाराने भरलं नाही तर मुख्य मालकाने, म्हणजे विद्यापीठाने, भरायचं असतं आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचं असतं. कायदा तसंच सांगतो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसतेय आणि पासबुकात जमा नाही, एवढे दोन कागद जोडून पीएफ कार्यालयात तक्रार टाका. त्यावर चौकशी लागते.

आणि ग्रॅच्युइटी कोणी बोललंच नाही! पाच वर्षांवर सेवा झाली की कंत्राटीलाही ग्रॅच्युइटी. वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष सलगच धरतात, श्राद्धाचा एक दिवस काही बिघडवत नाही. १६,५०० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १६ वर्षं. १,५२,००० च्या वर जातं. विद्यापीठ म्हणतंय ना की ३० सप्टेंबरला आमचा-तुमचा संबंध संपला? मग त्या दिवशी ही रक्कम देणं लागते. तो ‘कोणताही हक्क, दावा अथवा मागणी’ वाला कागद किती रुपयांचा आहे हे आता ३४ ने गुणून बघा.

---

गठ्ठेवाला | ७ सप्टेंबर, दुपारी ४:००

रविवार पासबुकात गेला. उमंग ॲपवर ओटीपी येईना, मुलीने करून दिलं.

जे निघालं ते बघून डोकं धरलं. माझे यूएएन दोन आहेत! एप्रिल २०१७ ते जून २०१९ एकावर, पुढचं दुसऱ्यावर. जुलै २०१९ च्या श्राद्धानंतर कोणीतरी मला नवीन माणूस म्हणून चढवलं. म्हणजे १० वर्षं मोजताना माझी सव्वादोन वर्षं वेगळ्याच माणसाच्या नावावर पडली असती. तो वेगळा माणूस मीच. एका ठिकाणी वडिलांच्या नावात ‘राव’ आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

हे जुळवता येईल का? आणि त्याआधीची आठ वर्षं, जेव्हा कापतच नव्हते, त्यांचं काय?

---

पासबुक_बघा | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

जुळतं. आधी ‘राव’चा निकाल लावा: संयुक्त घोषणापत्र, म्हणजे जॉइंट डिक्लेरेशन, तुमची आणि मालकाची मंजुरी. मग जुन्या खात्याची नव्यात बदली, फॉर्म १३, ऑनलाइन होते. हे ३० सप्टेंबरच्या आत मागा. एजन्सी आली की विद्यापीठाचा लेखा विभाग ‘तुम्ही आता आमचे नाही’ म्हणणार.

२००९ ते २०१७ साठी २०२० चा पवन हंस निकाल बघा, कंत्राटी म्हणून पीएफ नाकारता येत नाही असं त्यात आहे. पण तिथेही मागची सगळी वर्षं मिळाली नव्हती, जानेवारी २०१७ पासूनचंच मिळालं. त्या आठ वर्षांवर फार जीव लावू नका. असलेली साडेआठ आधी वाचवा.

---

निवृत्त_बाबू | ७ सप्टेंबर, रात्री ८:००

माहिती अधिकाराचा अर्जही टाकून ठेवा. उत्तराला ३० दिवस लागतात, १५ तारखेला उपयोग नाही, कोर्टात होईल. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. परीक्षा विभागाची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, एवढंच विचारा. एजन्सी नेमण्याचा व्यवस्थापन परिषदेचा ठराव दुसऱ्या अर्जात. ‘का’ असा प्रश्न विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नसतं.

---

गठ्ठेवाला | १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

उशीर झाला कळवायला, दिवसच तसा होता.

३४ पैकी १९ जणांनी पत्र दिलं. १५ जणांनी सही केली. त्यातल्या दोघांच्या घरी दवाखाना चालू आहे, त्यांना मी काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. वकील ठरलाय, माणशी ३,००० सध्या, तक्रार २२ तारखेच्या आत दाखल करू म्हणतात. जाहिरातीचं कात्रण मात्र सापडलं. आमच्यातल्या एकीच्या आईने देव्हाऱ्याच्या फळीवर अंथरलं होतं, १६ वर्षं. हळदीकुंकवाचे डाग आहेत, तारीख स्पष्ट दिसते. वकील म्हणाले, हात लावू नका, असंच द्या.

लॉगिनची नोंद मिळाली नाही, संगणक कक्षाने ‘वरून परवानगी आणा’ म्हणून सांगितलं. पण १ जुलै २०२३ ला मी एका महाविद्यालयाला दुरुस्त गुणतक्ता पाठवला होता, तो ईमेल माझ्या पाठवलेल्यांत आहे. वेळ सकाळी ११:१७.

आवक कक्षात आज एक पोरगा होता, दोन वर्षांपूर्वी कायम लागलेला. आमच्या विभागात होता तेव्हा गठ्ठ्याची गाठ कशी मारायची ते मीच शिकवलं होतं. १९ पत्रं बघून तो घाबरला. म्हणाला, ‘दादा, साहेबांना विचारून घेतो.’ मी म्हटलं, विचार. तो फोन उचलून तसाच बसला, नंबर फिरवला नाही. मग ठेवला, आणि एकेका पत्रावर शिक्का मारत गेला. १९ वेळा. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकताना त्याने आकडे जरा जास्तच ठळक काढलेत.

काका, प्रत पिशवीत ठेवली, २९ आदेशांच्या वर. उद्या पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांचा शेवटचा दिवस आहे, खिडकीवर रांग असेल. एक तारखेला काय होतं ते इथेच कळवतो.